चेनसॉ गळतोय? आधी पुठ्ठा, मग पान्हा

"मशीन मुततेय, बघ जरा." मे महिना लागला की हे वाक्य रोज ऐकू येतं. पावसाआधी घरावर आलेल्या फांद्या उतरवायच्या असतात, आंबा-काजूची मेलेली झाडं काढायची असतात, आणि वर्षभर पडवीत पडलेला चेनसॉ नेमका तेव्हाच खाली डबकं करून ठेवतो. दापोली-मंडणगडकडे ही मशीन घरोघरी आली ती ३ जून २०२० च्या निसर्ग वादळानंतर. तोवर गावात एखाद्याकडेच असायची. त्या वर्षी बागा आडव्या झाल्या, रस्ते झाडांनी बंद झाले आणि लोकांनी मिळेल ती मशीन मिळेल त्या भावात घेतली. एकाच वेळी घेतलेल्या या मशिनींची रबरं आता एकाच वेळी म्हातारी झाली आहेत. त्यामुळे गेली दोन-तीन वर्षं माझ्या दुरुस्तीच्या टेबलावर गवत कापायच्या मशिनींच्या खालोखाल गळणारे चेनसॉच असतात. त्यांतले बरेच टेबलापर्यंत यायची गरज नसते, म्हणून हे लिहितोय.

तुमची मशीन यातलं काय करते?

- रात्री ठेवली, सकाळी खाली तेलकट डाग. पातीच्या (साखळी जिच्यावरून फिरते ती लांब पट्टी) बाजूला जास्त.
- काम चालू असताना क्लचच्या कव्हरखालून तेल ओघळतं, पण साखळी मात्र कोरडी आणि पाती धुरकटते.
- टाकी पूर्ण भरली की पेट्रोलचा वास येतो, अर्ध्यावर आली की थांबतो.
- एअर फिल्टर पेट्रोलने ओला, प्लग भिजलेला, दोरी ओढून खांदा उतरायची वेळ.
- पंधरा मिनिटं चालून बंद पडते. पेट्रोलचं झाकण सैल केलं की 'फुस्स' होतं आणि परत चालू होते.
- सायलेन्सरच्या तोंडाशी काळं, चिकट काहीतरी.
- ॲक्सिलरेटर सोडला तरी रेस खाली येत नाही, किंवा आपोआप वरखाली होते.

शेवटून दुसरं लक्षण आधीच बाजूला काढतो, कारण ती गळती नाही. सायलेन्सरमधून येणारा काळा चिकटा म्हणजे न जळलेलं टू-टी ऑईल (पेट्रोलमध्ये मिसळतो ते). मिश्रणात ऑईल जास्त पडलंय किंवा मशीन नुसतीच आयडलवर फुरफुरत ठेवली जातेय. मशिनीच्या पुस्तकात ५०:१ लिहिलं असेल तर लिटरला २० मिली, २५:१ असेल तर ४० मिली. मापाचं झाकण वापरा. "अंदाजाने थोडं जास्तच घालतो, इंजिनाला बरं" असं म्हणणारे लोक नंतर सायलेन्सर खरवडत बसतात.

कुठलं तेल आहे ते आधी ओळखा

चेनसॉमध्ये दोन टाक्या असतात. एकीत पेट्रोल आणि टू-टीचं मिश्रण, दुसरीत साखळीला लागणारं ऑईल. गळती दोन्हींतून होऊ शकते, पण दोन्हींचा अर्थ वेगळा. ऑईल गळलं तर जमीन खराब होते. पेट्रोल गळलं तर बाजूलाच तापलेला सायलेन्सर असतो. म्हणून आधीच सांगून ठेवतो: ऑईलची गळती सांभाळून घेता येते, पेट्रोलची एक दिवसही नाही. पेट्रोल गळतंय असं कळलं की ते दुरुस्त होईपर्यंत दोरी ओढायची नाही, मग समोर कितीही झाडं पडलेली असोत.

बोट लावून बघा. पेट्रोल गार लागतं, बघता बघता उडून जातं आणि मागे टू-टीचा पातळ रंगीत थर ठेवतं. साखळीचं ऑईल तसंच राहतं, दोन बोटांत धरून ताणलं तर तार येते. वास तर सांगतोच, पण सगळी मशीनच वर्षानुवर्षं दोन्ही तेलांत माखलेली असेल तर वासावर जाऊ नका.

मग पुठ्ठा. हे माझं सगळ्यांत आवडतं हत्यार, आणि फुकट. आधी मशीन स्वच्छ करा: पाती काढा, क्लचचं कव्हर काढा, आतला भुशाचा लगदा काठीने आणि जुन्या ब्रशने उकरून काढा. हा लगदा स्पंजासारखा असतो, दिवसभर तेल पितो आणि रात्री सोडतो. आंब्याचा भुसा तर ओल्या पिठासारखा थापला जातो. सगळं कोरडं पुसलं की टीव्हीच्या खोक्याचा पुठ्ठा अंथरा, त्यावर मशीन नेहमी ठेवता तशी ठेवा आणि पेन्सिलने तिच्याभोवती रेघ मारा. पाती कुठल्या बाजूला, दांडा कुठल्या बाजूला, लिहून ठेवा. फक्त ऑईलची टाकी भरा, पेट्रोलची रिकामी. रात्रभर ठेवा. दुसऱ्या दिवशी उलट: ऑईल काढा, पेट्रोल भरा, पण यावेळी रात्रभर नाही, दर दहा मिनिटांनी असं अर्धा तास बघा. कारण पेट्रोलचा डाग उडून जातो आणि सकाळी तुम्हाला वाटतं काहीच नव्हतं. अंगणात करा, चूल, देवघर, बंब यांच्या जवळपास नको. आणि विडी बाजूला ठेवून या.

डाग रेघेच्या आत कुठे पडलाय त्यावरून अर्धं निदान होतं. झाकणाखाली असेल तर झाकण. पातीच्या मुळाशी असेल तर ऑईलची वाट. दांड्याच्या खाली, मागच्या बाजूला पेट्रोल असेल तर नळी किंवा श्वासाची वाट, म्हणजे टाकीत हवा आत घेणारी.

एक गोष्ट लक्षात ठेवा. पातीच्या खाचेत आणि साखळीत मुरलेलं ऑईल काम थांबवल्यावर खाली उतरणारच. रात्रीत चमचाभर ऑईल पडलं तर तो दोष नाही, सगळ्याच मशिनी तेवढं करतात, महागातल्यासुद्धा. वाटीभर पडलं तर पुढे वाचा.

झाकण

माझ्याकडे आलेल्या किती मशिनी मी फक्त झाकण पुसून परत दिल्या, त्याची गणती नाही. आट्यांमध्ये भुसा अडकतो, आतली ओ-रिंग (रबराची गोल कडी) चेपून सपाट होते किंवा तडकते. ओ-रिंग काढून बोटांवर ताणून बघा. काळी पडून कडक झाली असेल, बारीक भेगा असतील तर बदला. पाच-दहा ते फार तर तीस रुपयांचं काम. पेट्रोलच्या बाजूला मात्र साधी पाण्याच्या नळाची ओ-रिंग लावू नका, ती पेट्रोलमध्ये फुगते आणि आठवड्यात झाकण उघडायला पान्हा लागतो.

काही मशिनींना कान उचलून पाव वळसा द्यायचं झाकण असतं. ते बसलंय असं वाटतं, पण नीट बसलेलं नसतं. बसवल्यावर वर ओढून बघायचं. हलत असेल तर आतला भाग एक घर सरकलाय. झाकण काढून, फिरवून, परत बसवा.

पातीचं भोक

कव्हरखालून तेल वाहतंय आणि साखळी कोरडी, असं असेल तर नव्वद टक्के उत्तर इथेच आहे असं मी पैजेवर सांगतो. पातीच्या मुळाशी दोन्ही बाजूंना बारीक भोक असतं. पंपाने फेकलेलं ऑईल त्या भोकातून खाचेत जातं आणि साखळी ते पुढे नेते. भोक भुशाने आणि चिकाने बुजलं की पंप तर तेल फेकतच राहतो. ते जाणार कुठे? पाती आणि इंजिनाच्या मधल्या फटीतून बाहेर. म्हणजे टाकी रिकामी होते, जमीन भिजते आणि साखळी तहानलेली. माणूस म्हणतो, "ऑईल तर भरपूर जातंय, मग पाती का जळली?"

सायकलच्या तारेने भोक मोकळं करा, खाच जुन्या हॅकसॉच्या ब्लेडने मागून पुढे उकरा. पाती उलटी करून बसवा, म्हणजे झीजही दोन्ही बाजूंना सारखी होते. मग मशीन चालू करून टोक एका स्वच्छ पुठ्ठ्यापासून वीतभर लांब धरा आणि रेस द्या. पुठ्ठ्यावर तेलाची बारीक रेघ उमटली पाहिजे. ही चाचणी प्रत्येक दुरुस्तीनंतर करा.

ऑईल कुठलं घालता?

इथे माझं लोकांशी भांडण होतं. गॅरेजमधून बाटलीभर जळकं ऑईल फुकट मिळतं आणि ते साखळीच्या टाकीत जातं. ते पातळ झालेलं असतं, म्हणून जास्त पाझरतं. त्यात धातूची कीस असते, ती पंप घासते. आणि तेच ऑईल साखळीवरून उडून तुमच्या हातापायांवर बसतं. वापरलेलं इंजिन ऑईल कातडीला रोज लागणं चांगलं नाही. साखळीच्या ऑईलला मुद्दाम चिकटपणा दिलेला असतो, म्हणून ते साखळीवर टिकतं. ते मिळालं नाही तर निदान नवं, जाडसर इंजिन ऑईल घाला. आपल्याकडच्या उन्हात पातळ ऑईल पाण्यासारखं धावतं. खाद्यतेल घालून मशीन सहा महिने ठेवून दिली तर आत राळ होते, तेही नको.

पंपाला ऑईल कमी-जास्त करायचा स्क्रू असेल, बहुतेक मशिनींना तो खालच्या बाजूला असतो, तर तो पूर्ण उघडा नाही ना बघा. पाती लहान असेल तर मधल्यापेक्षा कमीवर भागतं.

टाकीचा श्वास

दोन्ही टाक्यांना हवा आत घ्यायला बारीक वाट असते. ऑईल किंवा पेट्रोल जसजसं कमी होतं तसतशी हवा आत आली नाही तर आत ओढ तयार होते आणि पुरवठा थांबतो. पंधरा मिनिटांनी बंद पडणारी मशीन ही. उलटही होतं: वाटेतला एकाच दिशेने उघडणारा रबरी पडदा फाटला की मशीन आडवी केल्यावर तिथून गळतं. आणि वाट बुजलेली असताना मशीन उन्हात राहिली की आत दाब वाढतो आणि तेल मिळेल त्या फटीतून बाहेर पडतं. म्हणजे चुकीच्या जागी गळणारी मशीन खरं तर श्वासाची रोगी असू शकते. म्हणून नळ्या आणि सील बदलायच्या आधी ही वाट बघायची.

काहींना ती झाकणातच असते, काहींना टाकीच्या अंगावर छोटं बूच किंवा वर वळवलेली नळी असते. पुसा, फुंका, एका बाजूने हवा जाते आणि दुसऱ्या बाजूने नाही हे बघा. टाचणी खुपसू नका, पडदा फाटतो. बूच सुटं मिळतं, स्वस्त असतं.

पेट्रोलची नळी

टाकी भरली की गळते आणि अर्ध्यावर थांबते, ही नळीची खूण. नळी टाकीतून जिथे बाहेर येते त्या भोकापाशी ती तडकते, म्हणून पातळी भोकाच्या खाली गेली की गळती बंद. आता पंपावरच्या पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल असतं. इथेनॉल ओलावा ओढून घेतं आणि जुन्या रबराला मानवत नाही. एका पावसाळ्यात टाकीत राहिलेलं पेट्रोल नळीचं काय करतं ते मी बघतो. हातात घेतलेली नळी शेवयांसारखी कडाकडा तुटते.

बदलणं कठीण नाही. नवी नळी तिरकी कापा, म्हणजे टोक भोकातून शिरतं, टू-टीचा थेंब लावा, आतून चिमट्याने ओढा. टाकीतला फिल्टर त्याच वेळी बदला. नळी आणि फिल्टर मिळून शंभर-दोनशे. इथे एक विनंती: सलाईनची नळी लावू नका. फुकट मिळते, बसते पण छान, आणि महिन्या-दोन महिन्यांत पेट्रोलमध्ये काठीसारखी कडक होऊन निसटते. अशी निसटलेली नळी आणि भिजलेला सायलेन्सर घेऊन एक गडी माझ्याकडे आला होता. मशीन पेटली नाही हे त्याचं नशीब.

कार्बोरेटर

एअर फिल्टर ओला, आणि नळी कोरडी आहे हे खात्रीने बघितलंय? मग कार्बोरेटरमधली पेट्रोल अडवणारी सुई बसत नाहीये. तिच्याखाली कचऱ्याचा कण अडकलाय किंवा आतले पातळ पडदे कडक झालेत. उन्हात टाकीत दाब वाढला की तो पेट्रोल वर ढकलतो आणि सुई अडवू शकत नाही.

हात स्थिर असेल तर घरी होतं. स्टीलच्या ताटात उघडा, कारण आतली स्प्रिंग तांदळाच्या दाण्याएवढी असते आणि उडाली की दिवाळीच्या झाडलोटीलाच सापडते. प्रत्येक थर काढताना फोटो काढा. पॅकिंग आधी की पडदा आधी, हे मागच्या आणि पुढच्या बाजूला उलट असतं, तिथेच लोक चुकतात. सुईचा लिव्हर वाकवू नका. त्याची उंची बदलली की गळती वाढते तरी किंवा मशीन उपाशी तरी मरते. पडद्यांचं किट दीडशे-तीनशे. साध्या ५२-५८ सीसी मशिनीला अख्खा नवा कार्बोरेटर पाचशे-आठशेच्या आसपास मिळतो, तिथे किट घालत बसण्यापेक्षा नवा लावलेला परवडतो. चांगल्या कंपनीच्या मशिनीला मात्र मूळचाच दुरुस्त करा, बाजारू कार्बोरेटर तिला सुखाने चालू देत नाही.

ऑईलचा पंप: इथून पुढे विचार करून

पाती काढून ठेवली तरी क्लचच्या मागून ऑईल पाझरतंय, भोक मोकळं आहे, झाकण ठीक आहे, तर पंपाची ओ-रिंग किंवा टाकीतून पंपाकडे येणारी रबरी नळी गेली. त्यासाठी क्लच काढावा लागतो. क्लचच्या आट्या उलट्या असतात, घड्याळाच्या काट्याच्या दिशेने सैल होतात. वर बहुधा बाण कोरलेला असतो. इंजिन अडवायला लोक प्लगच्या भोकात स्क्रू-ड्रायव्हर घालतात आणि पिस्टनला भोक पाडतात. तिथे स्टार्टरची जुनी दोरी घालायची. पिस्टन वर येऊन सायलेन्सरकडचं तोंड झाकलं गेलं की मगच, नाहीतर दोरी त्या तोंडात अडकून कापली जाते. दोरीची गादी होते, पिस्टन अडतो, काही मोडत नाही.

हे वाचून पोटात गोळा आला असेल तर थांबा. त्यात लाज नाही.

इथे हात लावू नका

टाकीलाच चीर असेल तर. एम-सील पेट्रोलमध्ये टिकत नाही, चार दिवस खोटा धीर देतं. टाकी बदलायची किंवा मशीन.

रेस आपोआप वरखाली होत असेल आणि क्रँकच्या (इंजिनाच्या फिरणाऱ्या दांड्याच्या) टोकाशी ओल दिसत असेल तर ऑईल सील गेलंय. इथे तेल बाहेर येण्यापेक्षा हवा आत जाण्याची भीती मोठी. मिश्रण कोरडं होतं, पिस्टनला टू-टी पुरत नाही आणि तो सिलेंडरला चिकटतो. सील दोन-तीनशेचं, सिलेंडर-पिस्टन त्याच्या कितीतरी पट. तशी मशीन "आजचा दिवस काढतो" म्हणून चालवू नका. कारागिराकडे दाब देऊन तपासायचं साधन आहे का विचारा. नसेल तर तोही अंदाजच करणार.

आणि मशीन वॉरंटीत असेल तर झाकण आणि पाती सोडून काहीच उघडू नका.

पैशाचा हिशोब

लोक खरेदीची किंमत धरून हिशोब करतात. "सात हजारांची मशीन आहे, दोन हजार गेले तर काय?" सात हजारांची होती. आज विकायला काढली तर दोन-अडीच हजार देतील का, हे आधी स्वतःला विचारा. माझा ठोकताळा असा: सामान आणि मजुरी मिळून आजच्या किमतीच्या तिसऱ्या हिश्श्यात बसलं तर डोळे मिटून करा. निम्म्यावर गेलं तर पाती, साखळी, दातेरी चक्र यांच्याकडे बघा. तेही झिजले असतील तर त्यांचे हजार-बाराशे याच हिशोबात धरा, मग उत्तर आपोआप येतं. साध्या मशिनीचं सील बदलण्याचं काम मी हल्ली घेतच नाही. मजुरीच तिच्या अंगावर येते. तेच काम वीस-पंचवीस हजारांच्या मशिनीला बिनधास्त करावं, तिची सुटी मिळणारी सामग्री दहा वर्षं तरी हात सोडत नाही.

आमच्याच वाडीतले एक काका गेल्या वर्षी मशीन घेऊन आले. वादळातलीच खरेदी. पुठ्ठ्यावर डाग क्लचमागे, म्हणजे पंप. सामान चारशे, मजुरी पाचशे. मी विचारलं, वर्षात किती दिवस चालवता? म्हणाले, वीस-एक दिवस. रात्रीत गळायचं साधारण शंभर मिली. वीस दिवसांचं दोन लिटर, तेही संध्याकाळी टाकी रिकामी केली नाही तर. पेट्रोलची बाजू मी नीट तपासून दिली, नळी आणि फिल्टर नवा घातला, पंपाला हातही लावला नाही. काकांनी घरी जाऊन काजूच्या बिया वाळवायचा पत्र्याचा ट्रे मशिनीखाली ठेवला. सकाळी ट्रेमधलं ऑईल काकूंच्या जुन्या लुगड्याच्या फडक्यातून गाळून परत टाकीत जातं. या मे महिन्यात ते आले होते, साखळीला धार लावून घ्यायला.